गाडी लो केल्यावर अलाइनमेंट: लाल कॅम्बर नव्हे, आधी टो बघा

प्रश्न थोडक्यात असा. २०१८ ची स्विफ्ट, ४० मिलिमीटर खाली बसवणारे स्प्रिंग, शॉकअप कंपनीचेच. स्प्रिंग घातल्यावर दीडेक हजार किलोमीटर गाडी तशीच चालवली, मग अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) केली आणि पुढे दुसऱ्या दुकानात पुन्हा केली. पडद्यावर टो (वरून बघितल्यावर चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) हिरवा आहे, पण पुढचा कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाक कललेलं असतं तो कोन; उणे म्हणजे वरून आत, आणि ६० मिनिटांचा एक अंश) लाल: डावीकडे उणे १ अंश २५ मिनिटे, उजवीकडे उणे ० अंश ५० मिनिटे. पुढचे दोन्ही टायर आतून खाल्ले गेलेत, गाडी किंचित उजवीकडे ओढते, आणि मशीनवाला म्हणतोय की 'बेंडिंग' करून, म्हणजे भाग वाकवून, कॅम्बर हिरवा करून देतो. करावं का?

बेंडिंग करू नका. एवढं आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं उत्तर लांब आहे आणि तोवर तुम्ही गाडी रॅम्पवर चढवलेली असायची.

मशीनमध्ये हिरवा-लाल पट्टा येतो तो कंपनीच्या मूळ उंचीसाठी. तुमची गाडी त्या उंचीवर राहिलेली नाही हे मशीनला माहीत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत बॉडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) वर झुकतो, चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो आणि कॅम्बर उणे बाजूला सरकतो. ४० मिलिमीटरला साधारण अर्धा ते एक अंश फरक पडतो. म्हणजे उणे १ अंश २५ मिनिटे हा काही बिघाड नाही, लो केलेल्या गाडीचा तो रास्त आकडा आहे. एवढ्या कॅम्बरवर टायर आतून थोडा जास्त झिजेल हे खरं, पण काही हजार किलोमीटरमध्ये साफ होणार नाही. तसा साफ होतो तो टोमुळे. शिव्या मात्र कॅम्बरला बसतात, कारण पडद्यावर लाल तो दिसतो.

टोचा हिशेब एकदा करून बघा. तुमच्या टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर आहे. त्यावर ६ मिनिटांचा टो म्हणजे जवळपास १ मिलिमीटर. समजा स्प्रिंग घातल्यावर दोन्ही चाकं पुढून प्रत्येकी २० मिनिटं बाहेर उघडली. एकूण सात मिलिमीटरच्या आसपास टो आउट. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण अशा चाकाची दिशा आणि गाडीची दिशा यांत जो फरक पडतो, तो एका किलोमीटरला जवळजवळ पावणेसहा मीटर आडवा घासण्याइतका आहे. हजार किलोमीटरला पावणेसहा किलोमीटर! त्यात उणे कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर आलेलं, म्हणजे ही सगळी घासाघीस त्याच दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर. टायर आतून जातो तो असा, दोघांनी मिळून. कॅम्बर जागा दाखवतो, झीज टो करतो.

आणि लो केल्यावर टो बिघडतोच. टाय रॉड (स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांच्या लांब्या वेगळ्या, टेकण्याच्या जागा वेगळ्या, त्यामुळे चाक वरखाली होताना दोघं वेगवेगळ्या कमानीत फिरतात. रॅक (स्टीअरिंगचा आडवा भाग, ज्याला टाय रॉड जोडलेले असतात) जर चाकाच्या मध्यरेषेच्या मागे असेल तर बॉडी खाली आल्यावर रॉडचं बाहेरचं टोक आत ओढलं जातं, चाकाची मागची बाजू आत जाते आणि पुढची बाहेर उघडते. आपल्याकडच्या बहुतेक फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हाच प्रकार दिसतो. किती उघडेल ते गाडीगणिक बदलतं, पण स्प्रिंग घालून टो जागच्या जागी राहिला असं सहसा होत नाही.

मग पडद्यावर टो हिरवा असताना टायर का खाल्ला, हा तुमचा खरा प्रश्न आहे. टायरवर दिसतो तो मागचा इतिहास. अलाइनमेंटच्या आधी जे दीड हजार किलोमीटर चालले, बरीचशी झीज तेव्हाचीच असणार. एकदा कड तिरकी झाली की टो बरोबर केल्यावरही ती आवाज करते आणि झिजणंही थांबत नाही. खात्री करायची तर तळहात टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं तर तो टो. दोन्हीकडून सारखंच लागतंय, फक्त आतली कड बसलीय, तर तो मुख्यतः कॅम्बर. हात सांभाळून फिरवा, तार वर आली असेल तर बोट कापतं. आणि तार दिसली तर तो टायर पुढे-मागे कुठेच चालवायचा नाही.

दुसरी शक्यता अशी की टो तेव्हा हिरवा होता आणि नंतर हलला. नवीन स्प्रिंग सुरुवातीला थोडे बसतात, रबरी बुश नव्या कोनात जिरतात. म्हणून मी नेहमी दोनदा करायला सांगतो. स्प्रिंग घातल्या दिवशीच फक्त टो जागेवर आणायचा, बाकी काही नाही, म्हणजे टायर वाचतो. मग ३०० ते ५०० किलोमीटर गाडी रोजच्यासारखी चालवायची आणि पूर्ण अलाइनमेंट करायची. गाडी बसायची थांबली की नाही ते टेपने कळतं: हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने ते बदलतं. डावं-उजवं अंतर पाचसात मिलिमीटरहून जास्त वेगळं असेल तर मशीनवर जाण्याआधी स्प्रिंग नीट बसलाय का, त्याचं टोक खालच्या वाटीच्या खाचेत टेकलंय का, ते बघा. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये तुमचा ३५ मिनिटांचा फरक आहे, त्यातला काही भाग इथेच सापडायची शक्यता आहे.

आता ज्या कामाकडे जवळपास कुणी लक्ष देत नाही ते सांगतो, आणि माझ्या मते अख्ख्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं ते हेच. लोअर आर्मचा बुश म्हणजे बाहेरची नळी, आतली नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जाम होते आणि आर्म फिरतो तो फक्त रबर पिळून. मूळ उंचीवर आवळलेला बुश गाडी ४० मिलिमीटर खाली आल्यावर उभ्या गाडीतही कायम पिळलेलाच राहतो. तो गाडीला वर ढकलत राहतो, उंची खोटी दाखवतो आणि लवकर फाटतो. बुश फाटला की ब्रेक मारताना चाक मागे-पुढे सरकतं आणि केलेली अलाइनमेंट त्या क्षणी बाद. म्हणून गाडी चाकांवर उभी असताना आर्मचे बोल्ट ढिले करायचे, पुढून-मागून दाबून गाडी चारपाच वेळा हलवायची आणि त्याच अवस्थेत टॉर्क पान्याने आवळायचे. मागच्या आडव्या बीमच्या दोन बुशांचंही तेच. दोन खांबी लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले की सगळं मुसळ केरात. चार खांबी रॅम्प किंवा पिट हवा. तो नसेल तर हबखाली जॅक लावून टेपने मोजलेल्या अंतरापर्यंत चाक वर आणायचं आणि मग आवळायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते कामाच्या यादीत नसतं म्हणून होत नाही. तुम्हीच सांगा, पैसे वेगळे द्या.

मशीनवर गाडी चढली की काय बघायचं? टायरची हवा चारही चाकांत दरवाजावरच्या पट्टीप्रमाणे. डिकीत सामान नको. पुढची चाकं ज्या फिरत्या थाळ्यांवर उभी राहतात त्यांच्या पिना काढलेल्या असाव्यात आणि थाळ्या हाताने सहज सरकाव्यात. चिखल-वाळूने त्या जाम झाल्या असतील तर चाक अडकून राहतं आणि आकडा खोटा येतो. थ्रीडी मशीनवर गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात ती रिमचा वेडावाकडेपणा वजा करण्यासाठी, ती पायरी घाईत गाळू देऊ नका. गाडी बहुतेक वेळा तुम्ही एकटेच चालवत असाल तर ड्रायव्हर सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवायला सांगा. कडक स्प्रिंगच्या गाडीला याने कमी फरक पडतो, पण पडतो.

आणखी एक बारीक जागा, जिथे हुशार माणसंही घसरतात. काही मशीन अंश-मिनिटांत दाखवतात, काही दशांशात. ० अंश ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश, आणि ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटे. दोन दुकानांच्या प्रिंटांची तुलना करण्याआधी हे तपासा. तुमच्या दोन अलाइनमेंटमध्ये 'फरक पडला' असं वाटलं असेल तर तो यातलाच असू शकतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी मागचं चाक, मग पुढचा कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, उलट तसं होत नाही. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे. दोन्ही चाकं एकाच तुळईला जोडलेली, त्यामुळे लो केल्याने मागचा कॅम्बर-टो फारसा बदलत नाही आणि बदलायला सोयही नसते. मागचे आकडे लाल आलेच तर ते स्प्रिंगमुळे नसून आधी कधीतरी खड्ड्यात किंवा फुटपाथला बसलेल्या दणक्याचे असण्याची शक्यता जास्त. तिथे स्टब ॲक्सलमागे (चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांड्यामागे) पातळ शिम, म्हणजे चकती, घालून दुरुस्ती होते. पण आकडे मोजून घ्या, कारण मागची दोन चाकं मिळून गाडीला जी दिशा देतात तिच्याशी पुढचं स्टीअरिंग जुळवावं लागतं. फक्त पुढचं करून दिलं की गाडी सरळ जाते आणि स्टीअरिंग वाकडं राहतं.

ज्यांच्या गाडीला मागे मल्टीलिंक किंवा विशबोन (प्रत्येक चाक आपापल्या आर्मांवर असलेलं) आहे त्यांचं गणित वेगळं. ऑक्टेव्हियासारख्या गाडीत मागे एक्सेंट्रिक (फिरवून कोन बदलता येणारे) बोल्ट असतात, बरंचसं त्यांवरच जुळतं. जुनी सिव्हिक लो केली की मागचा कॅम्बर भलताच उणे जातो आणि कमी-जास्त करता येणारे मागचे आर्म घातल्याशिवाय गत्यंतर नसतं. तो खर्च स्प्रिंग घेतानाच धरावा.

आता तुमच्या पुढच्या कॅम्बरचं. गाडी ज्या बाजूला कॅम्बर कमी उणे आहे तिकडे ओढते. तुमची उजवी बाजू कमी उणे आहे आणि गाडी उजवीकडे ओढते, म्हणजे आकडा आणि अनुभव जुळतात. त्यातही आपल्या रस्त्यांचा उतार डाव्या कडेकडे असतो. तरीही गाडी उजवीकडे जाते म्हणजे ओढ खरी आहे. तरी एक फुकटची तपासणी करा: पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे, सस्पेन्शनचा नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही तपासणी फक्त थोड्या अंतरापुरती.

दोन्हीकडचा फरक अर्ध्या अंशाच्या आत आणणं हे उद्दिष्ट ठेवा, शून्य करणं नव्हे. स्विफ्टचा स्ट्रट नकलला (हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला आहे. वरचा बोल्ट काढून तिथे कॅम्बर बोल्ट, म्हणजे मधला भाग एका बाजूला फुगीर असलेला बोल्ट, घालता येतो. त्याने साधारण दीड अंशापर्यंत सरकवता येतं. तो मूळ बोल्टपेक्षा मध्ये बारीक असतो, म्हणून टॉर्क त्याच्या पाकिटावर दिलेला वापरायचा, गाडीच्या पुस्तकातला नाही. फक्त डावीकडे घालून ३० ते ३५ मिनिटं बाहेर ढकललं तरी दोन्ही बाजू उणे ५०-५५ मिनिटांवर येतील आणि तुमचं काम होईल. चाकाचा वरचा भाग बाहेर येतो, तेव्हा स्टीअरिंग पूर्ण फिरवून आणि मागे दोन माणसं बसवून टायर फेंडरला लागत नाही ना ते बघा. पोलोवाल्यांनी हे वाचून बोल्ट मागवू नयेत. तिथे स्ट्रट नकलच्या खोबणीत बसतो, दोन बोल्टांची सोय नाही. तिथे सबफ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) ढिली करून आडवी सरकवली की एका बाजूचा कॅम्बर दुसरीला देता येतो. बेरीज तीच राहते, फरक मिटतो.

कॅम्बर प्लेट, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक सरकवता येणारी प्लेट, घालायचा सल्ला कुणी देईल. ट्रॅकवरच्या गाडीला ठीक. रोजच्या गाडीत वरच्या रबराच्या जागी लोखंडी बेअरिंग आलं की पहिल्या पावसाळ्यानंतर ते खडखडायला लागतं.

बेंडिंग म्हणजे काय, तेही सांगतो. हायड्रॉलिक जॅक आणि साखळी किंवा फ्रेम लावून स्ट्रट नाहीतर नकल वाकवतात, पडद्यावर आकडा हिरवा होतो, गिऱ्हाईक खूश. यात शॉकअपच्या नळीला किंवा दांड्याला ताण बसतो, आतलं सील एका बाजूने घासून तेल गळायला लागतं आणि हब बेअरिंगवर नको तो जोर येतो. वाकवलेल्या पोलादात पुढे काय होईल ते बाहेरून दिसत नाही. अपघातात वाकलेला भाग बदलायचा असतो. इथे तर सरळ असलेला भाग वाकवायचा सल्ला मिळतोय, आणि कशासाठी, तर मूळ उंचीचा पट्टा हिरवा दिसावा म्हणून! कानशीने बोल्टचं भोक लांबट करणं त्यापेक्षा बरं म्हणतात. मला तेही पटत नाही. जोरदार खड्ड्यात ते सरकतं आणि घाटाच्या वळणावर सरकलं तर कळायला वेळ मिळत नाही.

टो किती ठेवायचा? रस्त्यावरच्या, लो केलेल्या फ्रंट-व्हील-ड्राइव्हला मी एकूण टो शून्य ते अधिक ६ मिनिटे (अधिक म्हणजे पुढून आत) ठेवतो, दोन्ही चाकांत सारखा वाटून. उणे कॅम्बर असताना टो आउट अजिबात नको, अर्धा मिलिमीटरसुद्धा. पट्टा रुंद असतो, त्याच्या टो आउटकडच्या कडेलाही पडदा हिरवाच दिसतो. म्हणून 'हिरवं झालं' यावर समाधान मानू नका, आकडा वाचा. स्टीअरिंग सरळ लॉक करूनच लॉकनट आवळायचे आणि आवळल्यावर आकडा पुन्हा बघायचा, कारण आवळताना रॉड फिरतो. दोन्ही टाय रॉडचे उघडे आटे जवळपास सारखे दिसावेत. एकीकडे खूप आणि दुसरीकडे कमी असतील तर आधीच्या कुणीतरी स्टीअरिंग सरळ करण्यासाठी एकाच बाजूने ओढलंय. रॉड फिरवताना रॅकचा रबरी बूट पिळला गेला तर तो सरळ करून घ्या, नाहीतर तिथून पाणी शिरून रॅक जातो. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत शेवटी स्कॅनरने स्टीअरिंग अँगल सेन्सरचं शून्य घ्यायचं. पुढे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत उंची बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही लागतं, आणि हेडलाइटचा झोत तर सगळ्यांनीच पुन्हा लावून घ्यावा.

आतून खाल्लेल्या टायरचं काय? नक्षी शिल्लक असेल आणि टायर डावा-उजवा, आत-बाहेर असा ठरलेला नसेल, तर रिमवरून काढून उलटा बसवता येतो. झिजलेली कड बाहेर जाते आणि उरलेलं आयुष्य वसूल होतं. बाजूच्या भिंतीवर 'आउटसाइड' लिहिलेलं असेल तर ही युक्ती चालत नाही.

कायद्याचंही एकदा वाचून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इन्शुरन्स कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो. मी अलाइनमेंटचं सांगतोय, स्प्रिंगची शिफारस करत नाही.

शेवटचं, उंचीबद्दल. तुमच्या गाडीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, त्यातून ४० गेले, १२३ उरले, तेही रिकाम्या गाडीला. स्पीड ब्रेकरसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच अशी गोलसर आकृती दिलेली आहे. आपल्या गल्लीतला मात्र ज्याने घातला त्याच्या मर्जीने असतो. कंपनीचा शॉकअप मूळ लांबीचा असल्याने ४० मिलिमीटर खाली त्याची वर जायची जागा कमी उरते, गाडी वारंवार बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आपटते, आणि त्या प्रत्येक दणक्यात टाय रॉड एंड आणि बुश थोडे थोडे ढिले होतात. माझ्याकडे परत परत येणाऱ्या लो गाड्यांत अलाइनमेंट 'टिकत नाही' म्हणतात, ते मुख्यतः याच कारणाने. चौघांना घेऊन कोकणात उतरणं होत असेल तर २५ मिलिमीटरचे स्प्रिंग शोधा. हेच ठेवायचे असतील तर त्यांना जोडीचे, आखूड दांड्याचे शॉकअप घाला, बुश चाकांवर उभ्या गाडीत आवळून घ्या, आणि त्यानंतरच कॅम्बर बोल्टवर पैसे घाला. मशीनवाल्याकडून आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागा, त्यावर चारही चाकांची हब ते फेंडर अंतरं पेनने लिहा आणि ते आकडे मला कळवा. बोल्ट एका बाजूला लागतो की दोन्ही, ते त्यावरून सांगता येईल.